रेंज नव्हती, साहेब!

बांधकामाला काय काय लागतं हे पाठ्यपुस्तकात छापलेलं असतं. सिमेंट, वाळू, खडी, लोखंड, पाणी. पण पाठ्यपुस्तकं लिहिणारी मंडळी साइटवर फारशी फिरकत नसल्यामुळे यादीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू राहून गेली आहे. ही वस्तू फुकट मिळते. तिला गोडाऊन लागत नाही, पावसात तिचा दगड होत नाही, वॉचमन झोपला तरी ती चोरीला जात नाही. ती म्हणजे ‘रेंज नव्हती, साहेब’ हे तीन शब्द.

महाराष्ट्रातले घाटरस्ते, धरणं, पूल आणि पवनचक्क्यांचे पाये गेली कित्येक वर्षं या तीन शब्दांच्या टेकूवर उभे आहेत. रिंगांमधलं अंतर जुन्या ड्रॉइंगप्रमाणे धरलं? नवं मेलवर आलं होतं, पण रेंज नव्हती. खडीचा डंपर सकाळी निघून संध्याकाळी उगवला? वाटेतून फोन करणार होता, रेंज नव्हती. मुकादम दोन दिवसांच्या जत्रेला म्हणून गेला आणि एक साखरपुडा, दोन बारशी उरकून आठवड्याने परतला? तिकडे रेंज नव्हती. या सबबीची खरी मजबुती अशी, की ती खोटी आहे हे सिद्ध करायलाही रेंजच लागते. साहेब पुण्यात, साइट वेल्ह्याच्या पलीकडे डोंगरात. पडताळून पाहायचं तर गाडी काढून, कंबर मोडून घेत स्वतः यावं लागणार. आणि असं येण्याची हौस असती तर ते साहेब झालेच नसते.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना कुणीतरी थेट आकाशातून इंटरनेट खाली उतरवलं. बॅगेत मावणारी एक चपटी पाटी मोकळ्या आभाळाखाली ठेवायची, वायर जोडायची, चहा होईस्तोवर थांबायचं, की साइटवर नेट हजर. टॉवर नको, केबल नको, चर खणायला ग्रामपंचायतीचा ठराव नको. ही बातमी वाचून हेड ऑफिसला आनंदाचं भरतं आलं. साइटवर सुतक पडलं.

खरं तर साइटवर रेंज अजिबात नसते असं नाही. ती असते, पण जिथे माणूस असतो तिथे नसते. प्रत्येक साइटवर रेंजची एक ठरलेली जागा असते आणि ती शोधून काढणारा महापुरुष कायम अनामिक राहतो. कुठे पाण्याच्या टाकीच्या शिडीची चौथी पायरी, कुठे बॅचिंग प्लँटच्या मागचा कातळ, कुठे म्हसोबापासून दोन पावलं डावीकडे. ऑफिस म्हणजे पत्र्याचा कंटेनर. त्यात ऊन येतं, उंदीर येतात, ऑडिटर येतात, रेंज तेवढी येत नाही. म्हणून एक जुना फोन साखरेच्या प्लॅस्टिक पिशवीत घालतात, पिशवीच्या तोंडाला बाइंडिंग वायरचा पीळ मारतात, ती बांबूच्या टोकाला टांगतात आणि हॉटस्पॉट चालू ठेवतात. कोट्यवधी रुपयांच्या प्रकल्पाचं दळणवळण त्या पिशवीतून चालतं. त्या फोनवर ‘आपल्याला पर्सनल लोन मंजूर झालंय’ असा कॉल आला की ऑफिसचं नेट बंद. मग एम.टेक. झालेला तरुण इंजिनिअर कंटेनरच्या दारात येऊन वर बांबूकडे बघत ओरडतो, ‘अरे, कट कर ना त्याला!’

पूर्वी नेटवाचून एवढं अडत नसे. नकाशाच्या निळ्या प्रतींची गुंडाळी एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. तो फाट्यावर उतरवून ठेवायचा. एकदा नकाशा आला की आर्किटेक्टला मन बदलायला पुढच्या एसटीपर्यंत थांबावं लागे, आणि तोवर फुटिंग भरून झालेलं असे. आता ड्रॉइंग पीडीएफमध्ये येतं आणि पोचायच्या आत बदलतं. आर-शून्य, आर-एक, आर-दोन... सिनेमाचे भाग निघावेत तसे निघतात. शिवाय रोज संध्याकाळी डीपीआर, म्हणजे दिवसभरात काय झालं नाही याचा सविस्तर अहवाल. फोटोवर अक्षांश, रेखांश आणि वेळ उमटलेली हवी. मजुरांची हजेरी मशीनला चेहरा दाखवून. पन्नास हजारांवरचा माल परराज्यातून आणायचा तर ई-वे बिल. मोजमाप पुस्तिकासुद्धा आता बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन झाली. तिच्यात पूर्वी खाडाखोड केली की बाजूला सही ठोकावी लागे. आता आधी ओटीपी यावा लागतो. ओटीपी शिडीच्या चौथ्या पायरीवर येतो आणि तो घेऊन कंटेनरपर्यंत पळत जाईतो त्याचा जीव जातो.

खरी कसोटी स्लॅबच्या दिवशी. ट्रान्झिट मिक्सर गेटवर उभा आहे, ड्रम गरगर फिरतोय. भारतीय मानक सांगतं की माल भरल्यापासून दोन तासांच्या आत मिक्सर रिकामा व्हायला हवा. त्यातला एक तास घाटाने खाल्लेला. तेवढ्यात कन्सल्टंटचा निरोप येतो: ‘आर-तीन पाठवलंय. ते बघितल्याशिवाय ओतू नका.’ आर-तीन अठरा एमबीचं. ज्युनिअर इंजिनिअर चौथ्या पायरीवर, एक हात शिडीला, दुसरा आभाळात. खाली सगळं गणगोत जमलेलं. तीन टक्के. सात टक्के. पंपवाला दर मिनिटाला घड्याळ बघतोय. मिक्सरचा ड्रायव्हर तंबाखू मळत म्हणतो, ‘आमच्याकडून उशीर नाही हां, चलनावर टाइम लिहा.’ एकोणचाळीस टक्क्यांवर फाइल अडकते. इंजिनिअर पाचव्या पायरीवर जातो. तिथे काहीच नाही. परत चौथीवर येतो, पहिल्यापासून सुरू. अखेर आर-तीन उघडतं. बदल एकच असतो: कोपऱ्यातल्या चौकटीत मालकाच्या आडनावाचं स्पेलिंग दुरुस्त केलेलं.

आकाशातलं ते नेट येतं उपग्रहांकडून, आणि उपग्रहांशी आपली सोयरीक जुनी आहे. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ साली परदेशाशी उपग्रहामार्फत बोलणारं देशातलं पहिलं व्यापारी भूकेंद्र उभं राहिलं. त्याला विक्रम साराभाईंचं नाव आहे. तिथली तबकडी जवळपास तीस मीटर व्यासाची, म्हणजे ती बसवणं हीच एक बांधकाम साइट होती. पुढे १९८१ साली इस्रोने ‘ॲपल’ उपग्रह चाचणीसाठी चक्क बैलगाडीवर चढवला. धातूच्या वाहनावरून लहरी परावर्तित होऊन मोजणी बिघडली असती, म्हणून लाकडी गाडी आणि मोकळं मैदान. तो फोटो बघून जगाला गंमत वाटली. साइटवरच्या माणसाला काही वाटलं नाही. रस्ता व्हायच्या आधी सामान न्यायचं तर बैलगाडीच लागते, हे त्याला इस्रोने शिकवायची गरज नव्हती.

आताचे नवे उपग्रह मात्र हाकेच्या अंतरावर आले आहेत. ती चपटी पाटी ज्या स्टारलिंक कंपनीची, तिचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटर उंचीवरून फिरतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. म्हणजे मुंबईच्या माणसाला अंतराळ हे नागपूरपेक्षा जवळ पडतं, आणि टोलही नाही. हे उपग्रह दीड तासाच्या आसपास पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालतात. दीड तासात आमचा डंपर क्रशरवरून परत येत नाही. एक उपग्रह चार-दोन मिनिटांत डोक्यावरून निघून जातो, की पाटी दुसऱ्याला पकडते. पाटी जागची हलत नाही. तिच्या आतले शेकडो बारीक अँटेना मिळून आपला रोख फिरवतात. २०२४ साली आलेली तिची धाकटी आवृत्ती किलोभराहून जरा जास्त वजनाची आहे आणि ट्यूबलाइटपेक्षा जास्त वीज खात नाही. डीजी सेटचं डिझेल ‘उडून गेलं’ तरी ती गाडीच्या बॅटरीवर चालते.

माझा भाचा अमेरिकेत नेव्हाडाच्या वाळवंटात सौरऊर्जेच्या प्रकल्पावर इंजिनिअर आहे. तिथे क्षितिजापर्यंत माणूस नाही, झाड नाही, आणि साहजिकच टॉवरही नाही. पण सकाळी सहाला पिकअप येते, तिच्या टपावरून पाटी उतरते, आणि ट्रेलरमधल्या ऑफिसात नेट सुरू होतं. फोरमनच्या हातात टॅबलेट, त्यात कालचं नव्हे तर आत्ताचं ड्रॉइंग. ड्रोनने काढलेले फोटो दुपारपर्यंत हेड ऑफिसच्या पडद्यावर. मी त्याला म्हटलं, ‘अरे, मग तुमची पंचाईत होत असेल.’ तो म्हणाला, ‘मामा, पहिले काही आठवडे फार कठीण गेले. नो सिग्नल म्हणायची सोयच उरली नाही.’

‘मग?’

‘मग काय, आता टॅबलेट अपडेट होत असतो.’

अमेरिका पुढे आहे ती उगीच नाही.

आपल्याकडे ही पाटी कधी येणार, हा प्रश्न साइटवरच्यांनी फार आशेने विचारला: म्हणजे अजून येणार नाही ना, या आशेने. सरकारी यंत्रणेने त्यांना बराच काळ साथ दिली. २०२१ मध्ये स्टारलिंकने ९९ डॉलर घेऊन आगाऊ नोंदणी सुरू केली. कंपनीला परवानाच नाही, पैसे भरू नका, असं सरकारने जाहीर केलं आणि घेतलेले पैसे कंपनीला परत करावे लागले. यामागे कारणही तसंच आहे. २६/११च्या हल्लेखोरांनी उपग्रह फोन वापरला होता. तेव्हापासून विनापरवाना उपग्रह फोन बाळगणं हा इथे गंभीर मामला आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना आपल्या बॅगेतला फोन हा गुन्हा आहे हे थेट पोलिसांकडून कळल्याची उदाहरणं आहेत. शेवटी २०२५च्या जूनमध्ये स्टारलिंकला परवाना मिळाला आणि नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने तिच्याशी इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव या जिल्ह्यांची नावं त्यात आली. या इरादापत्राने बऱ्याच मुकादमांच्या इराद्यांवर पाणी पडलं.

आमच्या हेड ऑफिसला मात्र तेवढा धीर नव्हता. त्यांनी घाटातल्या साइटवर जुन्या, रीतसर परवान्याच्या वाटेने व्हीसॅट पाठवला. हा चुलतभाऊ जरा थोराड: चार फुटांची तबकडी, लोखंडी तिवई, आणि ती बसवायला होकायंत्र घेऊन आलेला एक किडकिडीत तंत्रज्ञ. याचा उपग्रह विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या गतीने फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी ठाण मांडून बसल्यासारखा दिसतो. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला, तेव्हा तबकडीचं तोंड दक्षिणेकडे करावं लागतं. इथे पहिला खोळंबा झाला. ठेकेदारांचा वास्तुशास्त्रावर गाढ विश्वास. ‘दक्षिण? यमाची दिशा? साइटवर?’ तंत्रज्ञाने कक्षा, अक्षांश, कोन असं बरंच काही सांगून पाहिलं. शेवटी मुकादमाने एका वाक्यात निकाल लावला: ‘शेठ, मारुती दक्षिणमुखी चालतो, तर डिशला काय धाड भरली?’ शेठना ते पटलं. तबकडीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. अर्धा नारळ तंत्रज्ञाला मिळाला, आणि त्याने केलेल्या साऱ्या शास्त्रीय विवेचनाचं तेवढंच चीज झालं.

पहिली व्हिडिओ मीटिंग ऐतिहासिक ठरली. ३६,००० किलोमीटर वर, तेवढंच खाली. प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी बोलणं पोचायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. ऐकायला अर्धा सेकंद काहीच नाही, पण साहेबांना उत्तरासाठी थांबायची सवय नव्हती. ते लगेच पुढचा प्रश्न टाकायचे आणि आधीचं उत्तर नव्या प्रश्नाला येऊन चिकटायचं.

‘किती टक्के काम झालं?’

‘दिवाळीनंतर, साहेब.’

‘अहो, संपणार कधी?’

‘साठ टक्के.’

‘खर्च किती वाढला?’

‘देवाच्या दयेने भरपूर आहे, साहेब,’ हे उत्तर पाण्याबद्दलच्या प्रश्नाचं होतं.

नेट आल्यावर साइटची माणसं एकेक करून कोमेजली. स्टोअरकीपरच्या रजिस्टरात सिमेंटच्या गोण्या आजवर महिन्याअखेरीस जुळायच्या. आता रोज संध्याकाळी जुळवाव्या लागू लागल्या, आणि इतक्या थोड्या वेळात इतक्या गोण्यांचं मन वळवणं अवघड असतं. सेफ्टी ऑफिसरला रोज हेल्मेट घातलेल्या कामगारांचा फोटो पाठवायचा होता; तेच सहा जण तीच सहा हेल्मेटं घालून पुलाच्या वेगवेगळ्या खांबांपुढे उभे राहून थकले. कॅमेरा लागल्यावर हेड ऑफिसातला एक मॅनेजर दिवसभर साइट बघत बसायचा आणि फोन करायचा, ‘तो निळा शर्टवाला मघापासून उभा आहे.’ निळ्या शर्टवाला टोटल स्टेशन घेऊन लेव्हल लावणारा सर्व्हेअर होता. उभं राहणं हेच त्याचं काम. दुसऱ्या दिवसापासून तो हातवारे करत उभा राहू लागला आणि मॅनेजरचं समाधान झालं.

खरा लाभ मात्र ज्यांच्यासाठी ते आणलं नव्हतं त्यांना झाला. व्हीसॅटचा पासवर्ड हेड ऑफिसने अतिशय गुप्त, अक्षर-आकडे-चिन्हं मिसळलेला ठेवला होता. पहिल्याच संध्याकाळी तो लेबर कॅम्पमधल्या स्वयंपाक्याला ठाऊक होता आणि दुसऱ्या दिवशी भाकरीच्या पिठाच्या डब्यावर खडूने लिहिलेला होता. झारखंडचे, बंगालचे, मराठवाड्यातले कामगार. महिनोन् महिने घरचा आवाज ऐकायला त्यांना चढ चढून कातळापर्यंत जावं लागे. आता साडेसातनंतर पत्र्याच्या प्रत्येक खोलीतून कुणाची तरी म्हातारी आई पडद्यावर कान लावून दिसायची, कारण व्हिडिओ कॉलमध्ये कान लावायचा नसतो हे तिला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. एक बारबेंडर आपल्या पोराला लोखंडाची जाळी दाखवत होता: ‘ये देख, ये सब मैंने बांधा.’ पोरगं म्हणालं, ‘पापा, इसमें मछली पकड़ते हैं?’ संध्याकाळी नेट मंद होतं म्हणून हेड ऑफिसने चौकशी लावली. आमच्या इंजिनिअरने तांत्रिक कारण कळवलं: ‘वातावरणीय दाटी.’ खोटं नव्हतं. एका खोलीत चौदा जण होते.

आकाशातलं नेट सर्वशक्तिमान असतं असा हेड ऑफिसचा समज पावसाने धुऊन काढला. या लहरींना मोकळं आभाळ लागतं, आणि पावसाचे थेंब त्यांची ताकद शोषून घेतात. सह्याद्रीत जुलैमध्ये पाऊस थेंबांनी पडत नाही, तो टँकरने पडतो. बोगद्यात तर प्रश्नच मिटला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या मिसिंग लिंकवर जवळपास नऊ किलोमीटरचा बोगदा आहे. तसल्या जागी डोक्यावर आभाळाऐवजी डोंगर असतो आणि नेट न्यायचं तर तोंडापासून आत केबलच ओढावी लागते. पाऊस पाहून साइटवर पुन्हा जीव आला. मुकादमाच्या चालण्यात जुना डौल दिसू लागला.

मग पाऊस उघडला, आणि नेमकी तेव्हाच टॉवर क्रेन उभी राहिली, तबकडीच्या बरोबर दक्षिणेला. क्रेनचा हात फिरून समोर आला की नेट जायचं, पुढे सरकला की यायचं. क्रेनचा ऑपरेटर हा या साइटचा सर्वांत मोठा अधिकारी आहे, हे लोकांच्या चटकन लक्षात आलं. अप्रिय मीटिंगच्या वेळी क्रेनला हमखास एखादी जड बादली उचलून तिथेच तोलून धरावी लागे. ऑपरेटरच्या केबिनमध्ये दुपारचा चहा वर जाऊ लागला, तोही बिस्किटांसकट.

प्रत्येक सरकारी कामावर हिंडरन्स रजिस्टर नावाची एक वही असते. काम कशामुळे अडलं ते तीत लिहायचं, दोन्ही बाजूंनी सह्या करायच्या, आणि त्या आधारावर मुदतवाढ मागायची. त्या वहीत आता ठेकेदारांच्या सुवाच्य अक्षरात नोंद पडली: ‘दक्षिण आकाशात अडथळा असल्यामुळे सुधारित ड्रॉइंग विलंबाने प्राप्त.’ खालची सही खात्याच्या शाखा अभियंत्याची. आकाशात अडथळा नव्हता असं लिहून द्यायची जबाबदारी तो तरी कशी घेणार?

मुदतवाढ मिळाली. त्यामुळे धीर चेपलेल्या ठेकेदारांनी पुढच्या बिलात एक ज्यादा बाब लावली: ‘डिशसमोरील आकाश मोकळे करणे व काम पूर्ण होईपर्यंत मोकळे ठेवणे, सर्व लीड व लिफ्टसह.’ लीड म्हणजे माल आडवा किती वाहिला, आणि लिफ्ट म्हणजे उभा किती चढवला. लिफ्टच्या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे ३६,००० किलोमीटर भरलं होतं. ही बाब तिथल्या तिथे फेटाळली जाईल असं आम्हां सगळ्यांना वाटत होतं. पण प्रस्ताव उपविभागातून खाली आला तो लाल शाईतल्या शेऱ्यासह: ‘दर मान्य करण्यास हरकत नसावी. तथापि लिफ्टचे प्रत्यक्ष मोजमाप शाखा अभियंत्याने स्वतः जागेवर जाऊन घ्यावे व फेरसादर करावे.’